सहलीचे फोटो छापायला आणताना

एक विनंती आधीच: छापायचे फोटो व्हॉट्सअॅपवर साधे फोटो म्हणून पाठवू नका. तसे पाठवले की फोटोची लांब बाजू आक्रसून साधारण 1600 पिक्सेल उरते. 4×6 इंचाच्या प्रिंटला ते चालून जाते. तोच दूधसागरचा फोटो भिंतीसाठी 12×18 हवा असेल, तर इंचाला 90 पिक्सेलही मिळत नाहीत आणि पाण्याच्या धारांच्या जागी पांढरट चौकोन दिसतात. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला 300 पिक्सेल हवेत. लांबून बघायच्या मोठ्या फोटोला 150 ते 200 वरही भागते. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणा, फोन आणि केबल घेऊन या, किंवा व्हॉट्सअॅपवरच पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. डॉक्युमेंटमध्ये फोटोची तारीख टिकते, आणि काढताना लोकेशन चालू असेल तर जागाही. साध्या फोटोतून हे दोन्ही पुसले जाते.

डोकी आणि दीपस्तंभ का कापले जातात

फोनचा फोटो 4:3 या मापाचा असतो, 4×6 चा कागद 3:2 चा. कागद पूर्ण भरायचा तर अर्धा इंच कुठून तरी जाणारच. आडव्या फोटोत तो वरून-खालून जातो, म्हणजे मंगेशीच्या दीपस्तंभाचा शेंडा किंवा मुलांचे पाय. उभ्या फोटोत कडेला उभा असलेला माणूस अर्धा होतो. काहीच कापायचे नसेल तर 6×8 मागा, ते माप तंतोतंत 4:3 आहे. 4×6 च हवे असेल तर पांढरी किनार ठेवून छापता येते. यातले काय हवे ते ऑर्डर देतानाच सांगा.

प्रिंट काळी आली ही तक्रारही नेहमीची. पडदा स्वतः उजळतो, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो. फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो बघा. मिरामारच्या सूर्यास्तात चेहरा तिथे काळा दिसला, तर प्रिंटवर आणखी काळा येईल. अशा फोटोवर खूण करा, छापण्याआधी चेहरा उजळून देतो.

काचेला चिकटलेले, बुरशी धरलेले

फोटोवरची प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते. पावसाळ्यात हा थर दमटपणाने फुगतो, मऊ पडतो आणि वाळताना काचेला धरतो. ओढलात तर प्रतिमा काचेवर राहते आणि हातात कोरा कागद येतो. फ्रेम आहे तशी आणा. मागची फळी काढून काचेतूनच स्कॅन करता येते. गोंदाच्या पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो सुटत नसेल तर नखाने उचकटू नका. मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही अडला तर पानासकट आणा.

बुरशी हे जिलेटिनच खाते, आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळणारा होतो. म्हणून ओल्या फडक्याने पुसले की बुरशीबरोबर आजोबांचा चेहराही जातो. फोटो आधी पंख्याखाली, सावलीत, पूर्ण सुकवा आणि मग मऊ कोरड्या ब्रशने, शक्यतो घराबाहेर, झटका.

लालसर झालेल्या जुन्या रंगीत प्रिंट फेकू नका. त्यात सायन (निळसर हिरवा) रंग आधी उडालेला असतो, स्कॅनमध्ये तो बराचसा परत आणता येतो. निगेटिव्ह सापडली तर सोन्याहून पिवळे. ती जरूर आणा, प्रिंटपेक्षा तिच्यात तपशील जास्त असतो.

कुठला, कधीचा, कोण

'सहल, मे' एवढ्यावर वीस वर्षांनी काही कळत नाही. असे लिहा: 'तांबडी सुर्ला, देवळाजवळची नदी. मे 1994. डावीकडून सुमाआत्या, बाबा, शेजारची दोन मुले. गाडी पंक्चर, पोचायला दोन वाजले.' पंक्चर वगळू नका, पुढे सगळे त्याचीच आठवण काढतात. बॉलपेनने फोटोच्या पाठीवर लिहिले तर पुढे उठाव येतो, आणि चकचकीत कागदावर शाई पुसटते. बारीक पिगमेंट शाईचा मार्कर घ्या, कडेला लिहा, दहा मिनिटे सुकू द्या.

तारीख आठवत नसेल तर फोटोतच शोधा. गाडीची पाटी 'जीए' असेल तर फोटो 1987 नंतरचा, म्हणजे गोवा राज्य झाल्यानंतरचा. त्याआधीच्या 'जीडी' पाटीवरून मात्र काहीच ठरत नाही, जुन्या गाड्या पुढेही बरीच वर्षे धावल्या. पणजीचा फोटो असेल तर मांडवीकडे बघा: जुना पूल 5 जुलै 1986 ला कोसळला, त्याच्या जागचा नवा 1992 मध्ये सुरू झाला आणि उंच अटल सेतू 2019 चा. कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर विसंबू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत ती कधी लावलेलीच नसे. निगेटिव्हच्या कडेचे आकडे मात्र कामाचे: एकाच रोलमध्ये 14 नंबरची फ्रेम बहुधा 13 च्या नंतरची असते, त्यामुळे आधी देऊळ की आधी नदी हे त्यावरून लागते. काही कॅमेरे मात्र रोल आधीच पूर्ण गुंडाळून उलट क्रमाने फोटो काढत, त्यांत आकडेही उलटे लागतात.

नावे विचारायला गणेशचवथीसारखी वेळ नाही. घरची सगळी जमलेली असतात, तेव्हा अल्बम बाहेर काढा आणि फोनचे रेकॉर्डिंग चालू ठेवा. नावांवरून वाद होतील, ते होऊ द्या. त्यातच खरी माहिती निघते.

पावसाळ्यासाठी

हवेतला दमटपणा 65 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो बहुतेक वरच असतो. अल्बम भिंतीला टेकलेल्या कपाटात, खालच्या खणात ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या दहा लिटरच्या डब्यात 100 ग्रॅमच्या आसपास सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) कापडी पुरचुंडीत घालून ठेवा. डबा कोरड्या दिवशी भरा, पावसात भरलात तर ओल आत कोंडते. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. ते स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका, निळा रंग विषारी आहे. तांदूळ घालू नका, किडे होतात. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते.

अल्बमची पाने घेताना पीव्हीसीची टाळा. वास उग्र आणि स्पर्श चिकट असेल तर ती बहुधा तीच. पॉलिप्रॉपिलीनची थोडी महाग पडतात. काउंटरवर दोन्ही हातात घेऊन बघा.