गोळ्यांनी गादी जागेवर जात नाही

मानेची गादी (मणक्यांमधली चकती) सरकली की ‘स्टेरॉइडचा कोर्स घ्या, गादी आत जाते’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी गादीला हलवत नाही. दबलेल्या नसेभोवतीची सूज तेवढी कमी करते. बाहेर आलेला भाग बहुतेकदा शरीरच काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शोषून घेतं, आणि श्रेय मात्र गोळीला जातं!

२०१५ साली कंबरेच्या गादीमुळे सायटिका (पायात उतरणारी कळ) झालेल्या २६९ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. १५ दिवसांच्या प्रेडनिसोन या तशाच स्टेरॉइडने हालचाली थोड्या सुधारल्या, पण वेदनेत ठळक फरक पडला नाही. मानेलाही हेच आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण चमत्काराची आशा धरायलाही आधार नाही.

असह्य कळ हातात उतरत असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी गोळ्या देतात, त्यात गैर काही नाही. मात्र साखर वाढते, झोप उडते. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा कोर्स घेणं तर निव्वळ धोका. हाताची ताकद जाणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काहीही दिसलं, तर गोळीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.