विमानसंघांचा प्रवासी-दर्जा

स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम हे विमान कंपन्यांचे तीन मोठे आंतरराष्ट्रीय संघ. सतत विमानप्रवास करणाऱ्याला एका कंपनीने दिलेला मान त्या संघातल्या बाकीच्या कंपन्याही राखतात, त्या व्यवस्थेला प्रवासी-दर्जा म्हणतात, बोलण्यात ‘स्टेटस’. वरचा दर्जा असला की इकॉनॉमीच्या तिकिटावरही बिझनेस क्लासच्या रांगेत चेक-इन, जास्तीचे सामान, लाउंज आणि विमानात आधी चढण्याची सोय मिळते. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात बोटीवरच्या आणि आखातातल्या नोकरीवर चालणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. विमानप्रवास तिथे नवलाचा राहिलेला नाही, पण दर्जा मिळवलेला माणूस मात्र विरळा. त्याचे कारण दर्जा मोजण्याच्या पद्धतीत आहे.

दर्जा कोण देते

संघ कोणालाही निवडत नाही. त्याची स्वतःची सभासद-योजना नसते. प्रवासी एखाद्या कंपनीच्या योजनेत खाते उघडतो, ती कंपनी आपल्या नियमांप्रमाणे त्याला दर्जा देते आणि तो दर्जा संघाच्या कोणत्या पायरीला बसतो हे आधीपासून ठरलेले असते. स्टार अलायन्सच्या (१९९७) पायऱ्या दोन : सिल्व्हर आणि गोल्ड. वनवर्ल्डच्या (१९९९) तीन : रुबी, सफायर आणि एमराल्ड. स्कायटीमच्या (२०००) दोन : एलिट आणि एलिट प्लस.

यातून एक विसंगती येते आणि तिचा फायदा जाणकार प्रवासी घेतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत गोल्ड होण्यासाठी १२ महिन्यांत ५०,००० दर्जा-माइल (दर्जासाठी मोजले जाणारे माइल) लागतात. टर्किश एअरलाइन्सच्या योजनेत ४०,००० पुरतात. दोघेही स्टार गोल्डच. लुफ्तान्साच्या योजनेत ‘सेनेटर’ या दर्जाला २,००० गुण लागतात आणि त्यावरच्या ‘एचओएन सर्कल’ला ६,०००. पण सिंगापूर एअरलाइन्सच्या काउंटरवर दोघांची पायरी एकच. त्यामुळे कोणत्या कंपनीने जायचे यापेक्षा कोणत्या कंपनीत खाते ठेवायचे हा प्रश्न आधी सोडवावा. काही योजना स्वतःच्या विमानांतल्या किमान प्रवासाची अट घालतात. युनायटेडला असे किमान ४ टप्पे, म्हणजे उड्डाणे, लागतात. मुंबईहून त्या कंपनीने जाणे होत नसेल तर तिचे खाते उपयोगाचे नाही.

माप कशाचे

तीन मापे चालतात : अंतर, फेऱ्या आणि खर्च. अंतराच्या पद्धतीत तिकिटाचा बुकिंग क्लास, म्हणजे तिकिटावरचे एक अक्षर, सगळे ठरवतो. मुंबई–सिंगापूर सुमारे २,४०० मैल आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या सर्वांत स्वस्त ‘लाइट’ तिकिटावर त्याचे निम्मेच, म्हणजे १,२०० माइल जमा होतात. त्या हिशेबाने गोल्ड व्हायला वर्षात ४२ उड्डाणे करावी लागतील.

एअर फ्रान्स–केएलएमची ‘फ्लाइंग ब्लू’ योजना प्रत्येक टप्प्याला ‘एक्सपी’ गुण देते : सिल्व्हर १००, गोल्ड १८०, प्लॅटिनम ३००. मुंबई–ॲमस्टरडॅम इकॉनॉमीला १० आणि पुढे युरोपातल्या बंदराजवळच्या विमानतळापर्यंतच्या छोट्या आंतरराष्ट्रीय टप्प्याला ५, असे जातानाचे १५ होतात. बिझनेसला हेच गुण तिप्पट. इथे बुकिंग क्लासचा जाच कमी आहे आणि विमान बदलावे लागले तर गुण वाढतात, म्हणून आडवाटेच्या बंदरांना जाणाऱ्यांना ही पद्धत बरी पडते.

अलीकडचा ओघ मात्र खर्चाकडे आहे. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून तिकिटावर खर्च केलेल्या प्रत्येक पात्र पौंडाला १ गुण अशी पद्धत आणली. सिल्व्हरला ७,५०० आणि गोल्डला २०,००० गुण लागतात. एअर इंडियानेही २०२४ मध्ये आपली योजना खर्चावर नेली. स्वतःच्या खिशातून स्वस्त तिकीट काढून वर्षाला दोन-तीनदा घरी येणाऱ्या माणसावर ही पद्धत सरळ अन्याय करते. तो उड्डाणे करतो, पण मोजला जात नाही.

कोकणातले प्रवासी चाळणीतून का गळतात

आखातात जाणाऱ्यांची मुख्य अडचण कंपन्यांची आहे. एमिरेट्स, एतिहाद, इंडिगो आणि एअर इंडिया एक्सप्रेस यांपैकी कोणतीही कंपनी या तीन संघांत नाही. एअर इंडिया २०१४ पासून स्टारमध्ये आहे, पण एक्सप्रेस तिची उपकंपनी असूनही सदस्य नाही. तिच्या विमानात स्टार गोल्ड चालत नाही. संघात असलेल्या आखाती कंपन्या म्हणजे कतार एअरवेज (वनवर्ल्ड, २०१३), ओमान एअर (वनवर्ल्ड, २०२५) आणि सौदिया (स्कायटीम, २०१२). कतारने २०२४ मध्ये गोव्याची सेवा दाबोळीहून मोपाला हलवली, त्यामुळे सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्यांना वनवर्ल्डचे विमान तास-दीड तासाच्या अंतरावर मिळू लागले. चिपीचा विमानतळ (२०२१) देशांतर्गत छोट्या विमानांचा आहे. दर्जाच्या हिशेबात तो धरू नये.

बोटीवर जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे तिकीट कंपनी किंवा तिचा एजंट काढतो आणि ते बहुधा ‘मरीन फेअर’चे, म्हणजे खलाशांसाठीच्या खास भाड्याचे असते. या भाड्यात सामान जास्त आणि तारीख बदलणे सोपे असते, पण बुकिंग क्लास कोणता पडतो त्यावर माइल पूर्ण, अर्धे किंवा शून्य मिळतात. एजंटला सभासद क्रमांक टाकण्याची गरज वाटत नाही. तो टाकून घेणे हे खलाशाचे स्वतःचे काम. जॉइनिंगचे, म्हणजे बोटीवर रुजू होण्याचे, तिकीट हाती आले की त्यावरचा पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) विमान कंपनीच्या ॲपमध्ये घालून सभासद क्रमांक आपणच जोडावा. एजंटला फोन करण्यापेक्षा हे लवकर होते.

राहून गेलेल्या उड्डाणाचा दावा नंतर करता येतो, पण त्याला बहुतेक योजनांत सहा महिन्यांची मुदत असते. करार सहा ते नऊ महिन्यांचा. म्हणजे साइन ऑफ होऊन (बोटीवरून उतरून) घरी येईपर्यंत जातानाच्या उड्डाणाचा दावा बाद झालेला असतो. म्हणून बोर्डिंग पासचा आणि ई-तिकिटाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. दाव्यात १३ अंकी तिकीट क्रमांक मागतात आणि तो बोर्डिंग पासवर बारीक छापलेला असतो. थर्मल कागदावरची छपाई बोटीच्या उष्ण केबिनमध्ये दोन-तीन महिन्यांत उडून जाते.

नावाचा घोळ हे दुसरे मोठे कारण. आपल्याकडच्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते, काहींच्या पासपोर्टात आडनावाची जागा रिकामी असते. खाते उघडताना फक्त नाव-आडनाव लिहिले आणि तिकिटावर तिन्ही आली, तर यंत्रणा दोन वेगळी माणसे समजून गुण जमा करत नाही. खाते पासपोर्टातल्या अक्षरांप्रमाणेच उघडावे.

ओळख पटते कशी

आरक्षणात सभासद क्रमांक घातला की त्याच्याबरोबर कंपनीचे नाव आणि संघातली पायरी नोंदली जाते. चेक-इनच्या वेळी ती पायरी बोर्डिंग पासवर छापून येते, स्टारच्या सभासदाला ‘गोल्ड’ अशी. लाउंजच्या दारावर हाच शब्द पाहतात. तो नसेल तर वाद घालत बसण्यापेक्षा चेक-इन काउंटरवर परत जाऊन क्रमांक घालून घ्यावा आणि पास पुन्हा छापून घ्यावा. सुरक्षा तपासणी झाल्यावर मागे येणे अवघड, म्हणून हे काउंटर सोडण्यापूर्वीच पाहावे.

सवलत न मिळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण कोड-शेअर. तिकिटावर कतारचा क्रमांक, पण विमान इंडिगोचे, असे दोहा मार्गावर होते. वनवर्ल्डच्या सवलतीसाठी तिकीट विकणारी आणि विमान उडवणारी, दोन्ही कंपन्या संघातल्या हव्यात. तिकिटावरची ‘ऑपरेटेड बाय’ ही ओळ आधी वाचावी.

कंपनी संघ सोडते तेव्हाही ओळख तुटते. एसएएस ही स्कँडिनेव्हियातली, स्टारची एक संस्थापक कंपनी १ सप्टेंबर २०२४ रोजी स्कायटीममध्ये गेली आणि तिच्या गोल्ड सभासदांची स्टारमधली पायरी त्या दिवशी संपली. उलट बाजूने, कोणत्याही संघात नसलेली विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे सभासद स्टारच्या कक्षेत आले.

सामान

कोकणातल्या प्रवाशाला लाउंजपेक्षा सामानाची सवलत जास्त कामाची. वजनावर चालणाऱ्या मार्गांवर स्टार गोल्ड, वनवर्ल्ड एमराल्ड आणि स्कायटीम एलिट प्लस यांना २० किलो जादा मिळतात, सफायरला १५, स्कायटीम एलिटला १०. जिथे नगांवर हिशेब चालतो तिथे वरच्या पायऱ्यांना एक नग जादा. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या नेणाऱ्याला हे २० किलो मोठे असतात. सवलत फक्त वजनाची आहे. सुके खोबरे तेलामुळे आपोआप तापू शकते, म्हणून ते धोकादायक मालात धरतात. गोल्ड असला तरी ते बॅगेतून काढायला लावतात. आंब्यांबाबत उतरण्याच्या देशाचे नियम आधी पाहावेत.

दर्जा एकदा मिळाला की तो योजनेनुसार एक किंवा दोन वर्षे टिकतो. टर्किशचा दोन वर्षे. वर्ष मोजण्याची रीतही वेगळी : युनायटेडचे जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटिश एअरवेजचे एप्रिल ते मार्च, फ्लाइंग ब्लूचे प्रत्येकाचे स्वतःचे. ऑक्टोबरात जॉइन होऊन मेमध्ये उतरणाऱ्याची दोन उड्डाणे जानेवारी-डिसेंबरच्या पद्धतीत दोन वेगळ्या वर्षांत विभागली जातात आणि कोणतेच वर्ष भरत नाही. सलग १२ महिने मोजणारी योजना त्याला सोयीची.