दोन पदव्या एकदम केल्या, तर दोन्ही रद्द होतात?

‘एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करताना शिक्षणशास्त्राची पदवी घेतली तर दोन्ही रद्द’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पूर्वी अशी परवानगी नव्हती, म्हणून तो खरा वाटणं साहजिकच. पण एप्रिल २०२२ पासून नियम बदलला. दोन्ही अभ्यासक्रम नियमित चालतात, फक्त तासिकांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, हेही चालतं. पीएचडीला ही सवलत नाही.

खरी अडचण वेळापत्रकाची. एमएसडब्ल्यूला बहुतेक ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क. बी.एड.ला तासिकांना किमान ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी, आणि ती इंटर्नशिप काही आठवडे सलग. सकाळी दादरच्या शाळेत पाठ, त्याच दिवशी गोवंडीच्या वस्तीत भेटी? लोकल वेळेवर धावली तरी जमत नाही. त्यापेक्षा नियमित एमएसडब्ल्यूसोबत दूरस्थ एमए शिक्षणशास्त्र जास्त झेपतं. मात्र ते म्हणजे एम.एड. नव्हे, शाळेतल्या नोकरीला बी.एड.ऐवजी धरत नाहीत.

प्रवेशाआधी दोन्ही माहितीपुस्तिकांतला हजेरीचा नियम शेजारी ठेवून वाचा. दूरस्थ अभ्यासक्रमाची मान्यता तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची आहे का, ते पाहा. कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो कुठे जमा करावा लागेल, हे दोन्हीकडे आधीच विचारा.