तिसऱ्या दिवशीची निगेटिव्ह टेस्ट म्हणजे सुटका नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा समज जुना आहे: संबंधानंतर दोन-तीन दिवसांत एचआयव्ही टेस्ट करायची, निगेटिव्ह आली की विषय संपला. ती टेस्ट फक्त आधीची स्थिती सांगते. नव्या संसर्गाच्या अँटिबॉडी तोवर तयारच झालेल्या नसतात. बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या रॅपिड टेस्टला संसर्ग दिसायला 23 ते 90 दिवस लागतात. शिरेतल्या रक्तावरच्या फोर्थ जनरेशन टेस्टला (ती अँटिबॉडीसोबत विषाणूचा अंशही शोधते) 18 ते 45.

म्हणून त्या दोन-तीन दिवसांत धावायचं ते गोळ्यांसाठी. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर 72 तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी, डॉक्टरांना पीईपीबद्दल, म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या गोळ्यांबद्दल, विचारा. कोर्स 28 दिवसांचा, रोज ठरल्या वेळी. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडला की संरक्षण जातं, आणि हे फार होतं. गोळ्या घेतल्यास टेस्टसाठीचे 90 दिवस कोर्स संपल्यापासून मोजा.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) टेस्ट मोफत होते, नाव गुप्त राहतं. गावात ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर शेजारच्या तालुक्यात जा, पण जा. 1097 या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर फोन मोफत आहे.

चुंबनाने, एका ताटात जेवल्याने, डासाने एचआयव्ही होत नाही.