टाच, पायरी आणि १८०चा आकडा

स्वीडनच्या उत्तरेकडच्या उमेओ शहरातले अस्थिरोगतज्ज्ञ हाकान आल्फ्रेडसन १९९०च्या दशकात स्वतःच्याच टाचेने बेजार झाले होते. पळण्याची आवड होती आणि दुखत होती अकिलिस कंडरा, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी, मागून हाताला लागते ती जाड शीर. शस्त्रक्रिया करा, असा लकडा त्यांनी वरिष्ठांकडे लावला. वरिष्ठ बधेनात, हा डॉक्टर रजेवर गेला तर त्याचं काम कोण करणार? मग आल्फ्रेडसन इरेला पेटले. कंडरा तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, या हिशोबाने ते पायरीच्या कडेवर चवड्यावर उभे राहून दुखरी टाच खाली सोडू लागले. दुखलं तरी थांबायचं नाही. कंडरा काही तुटली नाही, दुखणंच ओसरलं. हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे.

किस्सा म्हणून झकास, पुरावा म्हणून लंगडा. आल्फ्रेडसननाही ते ठाऊक होतं. त्यांनी दीर्घकाळ दुखणं असलेल्या १५ हौशी खेळाडूंना तोच व्यायाम १२ आठवडे दिला आणि १९९८मध्ये निष्कर्ष छापले: पंधराच्या पंधरा जण पुन्हा पळू लागले. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या १५ जणांना विश्रांती, वेदनाशामक गोळ्या, बुटांतले बदल असे नेहमीचे उपचार मिळाले होते, आणि त्या सगळ्यांवर शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. निकाल इतका एकतर्फी की संशय यावा. गट लहान होते आणि कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. पण त्या काळी कंडरा दुखली की आराम हाच मंत्र होता, आणि या छोट्याशा प्रयोगाने तो उलटा केला.

व्यायाम असा. चांगल्या पायाने वर जायचं, भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे ३ संच, गुडघा किंचित वाकवून आणखी ३, आणि हे सगळं दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८० वेळा, आठवड्याचे सातही दिवस. दुखेनासं झालं की पाठीवरच्या पिशवीत वजन भरायचं. हा १८०चा आकडा जगभरच्या फिजिओथेरपी विभागांत मंत्रासारखा पाठ झाला. गंमत अशी की मूळ प्रयोगात त्याची दुसऱ्या कुठल्याही आकड्याशी तुलनाच केलेली नव्हती.

ती पुढे झाली. २०१४मध्ये छापलेल्या एका छोट्या चाचणीत एका गटाला १८०चं बंधन होतं, दुसऱ्याला ‘झेपेल तेवढं करा’ असं सांगितलं. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढच्या वर्षी कोपनहेगनमधल्या संशोधकांनी ५८ रुग्णांवर आल्फ्रेडसन पद्धतीची तुलना जिममधल्या जड, संथ व्यायामाशी केली. हा व्यायाम आठवड्यातून फक्त तीनदा. सुरुवातीला जेमतेम १५ वेळा उचलता येईल इतकं वजन, पुढे वाढवत जेमतेम ६ वेळा उचलता येईल इतकं. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. पण पायरीवाल्या गटाची आठवड्याला सुमारे ३०८ मिनिटं जात होती, जिमवाल्यांची १०७. माझ्या मते त्या शोधनिबंधातले सर्वांत मोलाचे आकडे हेच. नोकरी, लोकलचा प्रवास आणि घरचं सगळं सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्याचे पाच तास मागायचे की पावणेदोन, यावर तो व्यायाम करणार की नाही हे ठरतं.

मग गुण कशाचा? आजचं उत्तर असं: पुरेसा भार, सावकाश वाढवत नेलेला, निदान १२ आठवडे. पायरी हवी की यंत्र, १८० की ६०, हे रुग्ण पाहून ठरवायचं. उलट बाजूने, रबरी पट्टा ओढून दहा वेळा पाय हलवा, अशी सर्वांना एकच छापील चिठ्ठी दिली तर तेवढा भार कंडरेच्या खिजगणतीतही नसतो. आपल्याकडे ‘शेक दिला का, मशीन लावलं का’ हे आधी विचारलं जातं आणि व्यायाम राहतो शेवटच्या पाच मिनिटांपुरता.

दुखत असताना भार द्यायचा या कल्पनेने रुग्ण बिचकतो आणि ते रास्तच आहे. गोथेनबर्गमधल्या संशोधकांनी २००७मध्ये ३८ रुग्णांची चाचणी छापली. त्यातल्या एका गटाला पळणं-उड्या मारणं चालू ठेवायला सांगितलं होतं. अट अशी की वेदना दहापैकी पाचच्या वर जाऊ नये, दुसऱ्या सकाळपर्यंत ती उतरावी आणि आठवड्यागणिक वाढू नये. वर्षाअखेर हा गट पळण्या-उड्यांपासून विश्रांती घेतलेल्या गटाच्या मागे नव्हता.

कंडरेत नेमकं काय बदलतं, ही मात्र वेगळीच कथा. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि नंतर घटत गेला, त्यामुळे शरीराच्या एखाद्या भागात तो किती आहे यावरून तो भाग कधी घडला ते कळतं. डॅनिश शास्त्रज्ञांनी तो कार्बन अकिलिस कंडरेच्या गाभ्यात मोजला, तेव्हा दिसलं की हा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे चाळिशीतला व्यायाम जुनी कंडरा काढून नवी बसवत नसावा. सोनोग्राफीत कंडरा व्यायामानंतरही जाडच दिसते, पण माणूस जिने बिनतक्रार चढतो, असंही घडतं ते कदाचित म्हणूनच.

आणखी एक बारकावा फार महाग पडतो. दुखणं कंडरेच्या मधल्या भागात आहे की ती हाडाला चिकटते तिथे? २००३च्या एका स्वीडिश अभ्यासात पायरीवरच्या व्यायामाने मधल्या दुखण्याचे ८९ टक्के रुग्ण समाधानी होते, हाडाजवळच्या दुखण्याचे अवघे ३२ टक्के. टाच पातळीखाली गेली की कंडरा तिथे हाडावर दाबली जाते. २००८मध्ये हाडाजवळ दुखणाऱ्या २७ रुग्णांना तोच व्यायाम सपाट जमिनीवर करायला लावला, तेव्हा १८ जण समाधानी झाले. हेही गट लहानच, पण पायरी सोडून जमिनीवर यायला खर्च काहीच नाही. तेव्हा पहिल्या भेटीत फिजिओने बोट ठेवून दुखरी जागा पाहावी. अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का, हेही विचारावं, कारण ही प्रतिजैविकं कंडरेला इजा करू शकतात, साठीपुढे आणि स्टिरॉइड चालू असेल तर जास्तच.