शेजारची कंपनी किती देते?

पगारवाढीच्या कराराची बोलणी सुरू झाली की पहिल्याच बैठकीत टेबलावर इतर कंपन्यांच्या पगारांचे दोन तक्ते येतात. चाकणच्या एका कारखान्यात मी ते शेजारी शेजारी ठेवून वाचले आहेत. युनियनच्या तक्त्यात रस्त्यापलीकडची मोठी वाहन कंपनी होती, व्यवस्थापनाच्या तक्त्यात भोसरीतली तीस-चाळीस माणसांची वर्कशॉप. दोन्हीकडचे आकडे खरे होते. आपली तुलना कुणाशी करायची, एवढाच वाद होता आणि त्यावर चार महिने गेले.

आज याला सॅलरी बेंचमार्किंग म्हणतात. एचआरमध्ये नव्याने आलेल्या मुलांना वाटतं, हे तंत्र १९९१ नंतर सल्लागार कंपन्यांनी आणलं. प्रत्यक्षात मुंबईच्या गिरणगावात हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पेटला होता.

त्या काळी प्रत्येक गिरणीचं दरपत्रक वेगळं असे. साच्यावर, म्हणजे मागावर, तेच कापड विणणाऱ्याला एका गिरणीत एक दर, भिंतीपलीकडच्या गिरणीत दुसरा. मालक मात्र १८७५ पासून संघटित होते. १९२५ मध्ये त्यांच्या संघाने सगळीकडे एकदम साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली. मोठा संप झाला, सरकारने कापडावरचं अबकारी शुल्क स्थगित केलं, तेव्हा कपात मागे गेली. मालकांनी एकमेकांचे पगार पाहून ठरवणं कामगाराच्या फायद्याचंच असतं असं नाही, हे गिरणगावाला तेव्हाच कळलं होतं. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या सहा महिन्यांच्या संपात सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. त्यानंतर न्या. फॉसेट यांच्या समितीपुढे प्रमाणित दरपत्रकावर खल झाला. एकाच कामाला एकच दर ही कामगारांचीही मागणी होती. पण मालकांच्या योजनेतून पगार खाली येतील आणि माणसं कमी होतील, ही भीतीही खरी होती.

दर प्रमाणित व्हायला १९४७ उजाडलं. औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरण्यांत २६ दिवसांच्या महिन्याला किमान ३० रुपये मूळ वेतन ठरवलं, आणि वर महागाई भत्ता.

हा भत्ता कशावरून मोजायचा? मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ पासून काम करत होतं. चाळींतल्या कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून, १९३३-३४ हा पाया धरून, ते राहणीखर्चाचा निर्देशांक काढत असे. ज्वारी, बाजरी, डाळ, रॉकेल, कपडा, खोलीचं भाडं असा त्यात हिशेब. मला हे काम फार मोलाचं वाटतं. मालकाला काय परवडतं यापेक्षा घरात काय लागतं, हे कुणीतरी दारात जाऊन विचारलं होतं. हा आकडा कामगारांनी आंधळेपणाने मात्र मानला नाही. तो खरी महागाई दाखवत नाही म्हणून १९६३ मध्ये मुंबई बंद झाली, आणि निर्देशांक तपासणाऱ्या लकडावाला समितीने त्या तक्रारीत तथ्य असल्याचं मान्य केलं.

दरम्यान दिल्लीत वेतन ठरवण्याची चौकट घडत होती. १९४८ च्या न्याय्य वेतन समितीने तळाला किमान वेतन आणि वर उद्योगाची देण्याची ऐपत धरली. या दोहोंच्या मध्ये कुठे थांबायचं हे ठरवताना त्याच भागात किंवा शेजारी चालू असलेले दरही पाहावेत, असं तिने सांगितलं. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान गरजेचं मोजमाप दिलं : एका कमावत्याच्या कुटुंबाचा खप, त्याच्या स्वतःसह, तीन प्रौढ माणसांइतका धरायचा आणि माणशी वर्षाला १८ वार कापड.

चाकणच्या त्या भांडणाला थेट उत्तर दिलं ते सर्वोच्च न्यायालयाने. ‘उद्योग आणि प्रदेश’ हे त्याचं सूत्र, म्हणजे त्याच धंद्यातल्या, त्याच भागातल्या कंपन्यांशी तुलना. १९६२ च्या फ्रेंच मोटर कार खटल्यात न्यायालयाने भांडवल, नफा, व्याप, कामगारसंख्या हे सगळं तपासायला सांगितलं. लहान आस्थापनेला बड्या कंपनीच्या मापाने मोजू नये, हे त्यामागचं तत्त्व. पुढे मुंबईच्या ग्रीव्हज कॉटनच्या निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली : त्याच धंद्यातल्या कंपन्या भागात थोड्याच असतील तर प्रदेशावर भर द्यावा, आणि कारकून-शिपायांच्या बाबतीत दुसऱ्या धंद्यांशीही तुलना चालेल. कारकून कुठल्याही धंद्यात कारकुनीच करतो. युनियनचे जुने पुढारी हे निकाल तोंडपाठ म्हणत.

१९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव मोडलं आणि करारांचं केंद्र इंजिनिअरिंग पट्ट्याकडे सरकलं. नव्वदनंतर सल्लागारांची सर्वेक्षणं आली. कंपनी आपले आकडे देते आणि बदल्यात नावं झाकलेला अहवाल मिळतो. त्यात आपण पन्नासाव्या पर्सेंटाइलला आहोत की पंचाहत्तराव्या, म्हणजे शंभरातल्या किती कंपन्या आपल्यापेक्षा कमी देतात, ते कळतं. दोन कंपन्यांतल्या पदांची जोडणी पदनामावर नव्हे, कामाच्या स्वरूपावर करायची असते. ‘मॅनेजर’ एका ठिकाणी दोनशे माणसं सांभाळतो, दुसरीकडे एकही नाही. हे काम नीट केलं तर उपयोगी आहे, मी स्वतः ते करतो. पण गरज, ऐपत आणि शेजार या तिन्हींतून अहवालात फक्त शेजार उरला आहे. ज्वारी आणि खोलीभाडं त्यात कुठेच नाही.

आणि शेजारही अर्धाच. चाकणच्या त्या कारखान्यात लाइनवरची निम्म्याहून जास्त मुलं ठेकेदाराची होती, तेच मशीन, तीच पाळी. टेबलावरच्या दोन्ही तक्त्यांत, युनियनच्याही, त्यांच्यासाठी रकाना नव्हता.