पाणलोटाची कामं आणि माहितीपट

पर्यावरणावरच्या फिल्म बघून अख्ख्या गावानं आपली शेतीची, पाणी वापरायची पद्धत बदलायला घेणं, हे महाराष्ट्रात सगळ्यात ठळक दिसलं ते दुष्काळी भागातल्या पाणलोटाच्या कामांत, म्हणजे पावसाचं पाणी शिवारातच अडवून जिरवायच्या कामांत, आणि त्यातही २०१६ ते २०१९ मध्ये झालेल्या सत्यमेव जयते वॉटर कप या गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेत.

ही स्पर्धा भरवणारं पानी फाउंडेशन मुळात टीव्हीवाल्यांचंच. २०१२ ला सत्यमेव जयते मालिका करणारी आमिर खान, सत्यजित भटकळ वगैरे टीम २०१६ ला यात उतरली, म्हणून फिल्म करून समजावणं त्यांना आधीपासून येत होतं. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव, २०१८ पर्यंत ७५ झाले. गावातून निवडलेली माणसं ट्रेनिंगला जायची, तिथे फिल्म बघायची, शिवारात चर आखायला शिकायची आणि मग परत येऊन गावाला तयार करायची, आणि हे शेवटचं काम सगळ्यात अवघड कारण गावात भावकी असते, राजकारण असतं, आणि भर उन्हाळ्यात ४५ दिवस फुकट कुदळ मारायला कोण येणार!

फिल्मचा खरा उपयोग इथे होतो. जमिनीखालचं पाणी कुणाला दिसत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात ते झिजलेल्या थरात आणि भेगांमध्येच साठतं, त्यामुळे माझ्या बोअरचं पाणी आणि शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा एकच असतं, हे भाषणात सांगून पटत नाही पण ॲनिमेशनमध्ये दोन मिनिटांत कळतं. माथा ते पायथा काम का करायचं तेही तसंच, म्हणजे आधी वर डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले), मग बांधबंदिस्ती आणि शेवटी खाली नाल्यात बंधारे, नाहीतर वरून आलेली माती बंधाऱ्यात बसते आणि तो गाळानं भरतो.

दुसरं म्हणजे गावांच्याच गोष्टी. साताऱ्याचं वेळू २०१६ ला पहिलं आलं, २०१७ ला वर्ध्याचं काकडदरा हे आदिवासी गाव, मग माणमधलं टाकेवाडी आणि २०१९ ला बार्शीचं सुर्डी. २०१७ पासून ‘तुफान आलंया’ या कार्यक्रमातून अशा गोष्टी मराठी टीव्हीवर घरोघरी पोचल्या. आपल्यासारखीच बोलणारी, आपल्यासारखंच टँकरचं पाणी प्यायलेली माणसं पडद्यावर दिसली की "आपल्याकडं नाय जमत" म्हणायची सोय राहत नाही, माझ्या मते कुठल्याही हिमनगाच्या सुंदर शॉटपेक्षा हे जास्त काम करतं.

पण नुसती फिल्म पुरत नाही. तिच्या जोडीला ट्रेनिंग, ठरलेली तारीख, मोजता येणारं काम आणि बक्षीस होतं म्हणून लोक उठले. आणि पाणी अडवलं तरी ते वापरायचं कसं हा प्रश्न उरतोच, पाणी वाढलं की ऊस आणि नवे बोअर वाढायचा धोका असतो, पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आहे आणि किती लागेल याचा हिशोब, मांडून पीक ठरवणं हे चर खोदण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. २०२२ पासून पानी फाउंडेशनच्याच फार्मर कप या स्पर्धेत गटशेतीवर जो भर दिलाय तो शेतीच्याच बाजूनं आहे, तिथे शेतकऱ्यांचे गट एकत्र शिकतात आणि एकत्र पीक घेतात.